घाट, गिअर आणि गॅरेज : ट्रकचालकांचे शिक्षण आणि गाडीची देखभाल यांचा आढावा

पुण्यात कात्रजचा नवा बोगदा ओलांडून मुंबईच्या दिशेने निघालेली अवजड गाडी नवले पुलापर्यंत उतारावरच असते. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका मालवाहू गाडीने पुढच्या जवळपास ४८ वाहनांना ठोकरले. पहिल्या बातम्यांत कारण आले ते ब्रेक निकामी झाल्याचे. प्राथमिक तपासात मात्र निराळेच समोर आले. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती.

या दोन कारणांमध्ये एक मोठा वाद दडलेला आहे. ट्रकचे अपघात कमी करायचे तर चालकाला शिकवायचे, की गाडी नीट ठेवायची, की चालकाला तसे वागायला लावणारा धंदाच आधी बदलायचा? परिवहन विभाग, वाहतूकदार, चालकांच्या संघटना, विमा कंपन्या आणि संशोधक आपापल्या जागेवरून वेगवेगळी उत्तरे देतात. त्यातले काय पक्के आहे आणि काय अजून हवेत आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

देशात २०२३ मध्ये ४,८०,५८३ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,७२,८९० माणसे गेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात दरवर्षी सुमारे ७० टक्के मृत्यू 'अतिवेग' या कारणाखाली जातात. हा रकाना फार मोठा आहे आणि फार थोडे सांगतो. गाडी चालकाने मुद्दाम हाणली, की त्याला ती रोखताच आली नाही, हे त्यातून कळत नाही. ट्रकच्या बाबतीत सगळा प्रश्न नेमका तिथेच आहे.

उस्ताद आणि क्लीनर

ट्रक चालवण्याचे शिक्षण आपल्याकडे वर्गात कधी झालेच नाही. पोरगा मिसरूड फुटायच्या आत क्लीनर म्हणून गाडीवर चढे. काच पुसणे, ताडपत्री ओढून दोर आवळणे, चढावर गाडी थांबली की चाकामागे लाकडी ठोकळा टाकणे, टायर ठोकून हवेचा अंदाज घेणे, गाडी मागे घेताना "येऊ दे, येऊ दे" म्हणत उभे राहणे, ही त्याची शाळा. काही वर्षांनी रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद स्टिअरिंग त्याच्या हातात देई. परवाना नंतर निघे.

या पद्धतीची बलस्थाने आज विसरली जातात. क्लीनरमधून चालक झालेल्या माणसाने गाडी खालून पाहिलेली असे. हबला ग्रीस कधी हवे, पाट्याचे पान तुटले की गाडी कुठल्या बाजूला झुकते, लायनर संपत आला की ड्रममधून कसला आवाज येतो, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून दाखवले नव्हते. पण उस्तादाच्या वाईट सवयीही तशाच्या तशा खाली उतरत. उताराला न्यूट्रल, झोप येऊ नये म्हणून तोंडात काहीबाही, उजवी लेन सोडायची नाही हा हट्ट. रस्त्याचा कायदा आणि थकव्याचे परिणाम या शाळेच्या अभ्यासक्रमात नव्हते.

आता ती शाळाही बंद पडत चालली आहे. क्लीनरचा पगार परवडत नाही असे मालक म्हणतात, आणि पोरांनाही त्या कामात राम वाटत नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानच्या मुद्द्यावर संप पुकारला, त्या वेळी अवजड गाडीवर क्लीनर ठेवण्याची सक्ती काढून टाका ही मागणीही पुढे आली होती. नव्या गाड्यांत सेन्सर आणि कॅमेरे आहेत, मग आणखी एक माणूस कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. उलट बाजू अशी की डाव्या अंगाला चालकाला न दिसणारा मोठा पट्टा असतो, तिथे क्लीनर हाच डोळा असतो, आणि रात्री तीन वाजता चालकाशी बोलत राहणाराही तोच असतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला खटकते ते एवढेच की या सगळ्या चर्चेत क्लीनरची मोजदाद खर्च म्हणून झाली. नवा चालक घडवणारी एकमेव जुनी वाट त्याच्याबरोबर बुजते आहे, हा मुद्दा बाजूलाच पडला.

कायद्यातले शिक्षण

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही, आणि वयाची अट २० वर्षांची आहे. आठवी पास असण्याची अट पूर्वी नियमात होती, ती २०१९ मध्ये काढली. हरियाणातल्या मेवात भागातून ही मागणी आली होती. शाळा फारशी न शिकलेल्या, पण गाडी चालवण्यावर पोट असलेल्या हजारो तरुणांचा रस्ता त्या अटीमुळे अडत होता. अट काढू नये म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे होते की फलक, कागदपत्रे आणि डॅशबोर्डवरची सूचना वाचता न येणारा चालक स्वतःसाठीही धोका आहे. सरकारने तेव्हा सांगितले, शालेय प्रमाणपत्र जाऊ दे, कौशल्याची कसोटी कडक करू.

ती कसोटी म्हणजे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची योजना. जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरवला आहे. केंद्राला दोन एकर जागा, सिम्युलेटर आणि स्वतःचा चाचणी मार्ग असावा लागतो. तिथून उत्तीर्ण होणाऱ्याला आरटीओतली वाहन चालवण्याची परीक्षा माफ असते. जुन्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या तुलनेत ही झेप मोठी आहे, हे मान्य करायला हवे. त्या स्कूलमध्ये एका जुनाट ट्रकवर पाच-सहा जण आळीपाळीने बसत आणि मैदानात आठचा आकडा काढला की परीक्षा संपे.

महाराष्ट्राला या बाबतीत सुरुवातीपासून एक फायदा होता. भोसरीची केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून काम करते आहे, आणि तिच्या संगणकीकृत मार्गावर एसटीच्या चालकभरतीच्या चाचण्याही झाल्या आहेत. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांनी सरकारबरोबर चालक प्रशिक्षण संस्था उभ्या केल्या आहेत. तमिळनाडूतले नामक्कल हे ट्रकवाल्यांचे गाव, तिथली अशोक लेलँडची संस्था यांतली सर्वांत परिचित. इंधन बचतीच्या अंगाने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून चालकांचे वर्ग घेते.

यावरचे आक्षेप तीन प्रकारचे आहेत. पहिला, परीक्षा माफ केल्यावर शिकवणारा आणि पास करणारा एकच राहतो. दुसरा, फी आणि सहा आठवड्यांची बुडालेली कमाई नवख्या मुलाने आणायची कुठून? तिसरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे सगळे नव्या परवान्याच्या उमेदवारांसाठी आहे. आज रस्त्यावर असलेला पंचेचाळीस वर्षांचा चालक जुन्याच पद्धतीने शिकलेला आहे, आणि त्याच्यापर्यंत एखाद-दोन दिवसांच्या शिबिराखेरीज काही पोचत नाही. युरोपीय संघाने २००३ च्या निर्देशानुसार व्यावसायिक चालकाला दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी शिक्षण सक्तीचे केले. अमेरिकेने फेब्रुवारी २०२२ पासून नवोदितांचे शिक्षण सक्तीचे केले, पण किमान तास ठरवले नाहीत, प्रशिक्षकाने शिकाऊ माणूस तयार झाला असे प्रमाणित करायचे. म्हणजे तास मोजायचे की कसब पाहायचे, यावर जगातही एकमत नाही.

यात आणखी एक पदर आहे तो हलक्या परवान्याचा. साडेसात टनांपर्यंतचे मालवाहू वाहन साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानेही तेच कायम केले. विमा कंपन्यांचा याला विरोध होता. चालकांच्या रोजगाराच्या दृष्टीने निकाल दिलासा देणारा ठरला. टेम्पो आणि छोट्या ट्रकच्या चालकांचे शिक्षण कोण करणार, हा प्रश्न मात्र त्याने उघडाच ठेवला.

उतारावर नेमके काय होते

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. भरलेली ४० टनांची गाडी एवढी खाली आली की सुमारे ५४ युनिट विजेएवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. मध्यमवर्गीय घरात पंधरा दिवस पुरेल एवढी वीज काही मिनिटांत उष्णता होऊन बाहेर पडते, असे समजा. काही वाटा हवेच्या आणि टायरच्या अवरोधात जातो. उरलेली उष्णता एकतर इंजिनाने घ्यायची, नाहीतर ब्रेकच्या ड्रमने.

इंजिनाने घ्यायची म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या उस्तादांचा नियम शास्त्राला धरून आहे. गिअरमध्ये असताना चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागे ओढते. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर ही ओढ आणखी वाढते. न्यूट्रलमध्ये हा आधार सुटतो आणि सगळा भार ड्रमवर येतो. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो. लायनरची पकडही तापल्यावर कमी होते. ब्रेक चेंबरच्या दांड्याला आता जास्त लांब जावे लागते, आणि त्याची धाव ठरलेली असते. लायनर आणि ड्रममधले अंतर राखणारा स्लॅक ॲडजस्टर आधीच सैल असेल तर दांडा पुरता बाहेर येऊनही लायनर ड्रमला नीट दाबत नाही. पेडल पायाखाली आहे, हवेचा दाबही आहे, आणि गाडी थांबत नाही. ज्याला आपण ब्रेक फेल म्हणतो त्यातल्या कित्येक घटना अशा असतात. आधी सवय चुकलेली असते, मग उष्णता वाढते, आणि शेवटी महिनाभर न केलेले ॲडजस्टमेंट उघडे पडते.

इंजिनच बंद केले तर आणखी दोन गोष्टी होतात. पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि हवेचा कॉम्प्रेसर थांबतो. त्यानंतर ब्रेक दाबला की टाकीतली हवा खर्च होते, भरून मात्र येत नाही.

आणि हे सगळे ज्या डिझेलसाठी करायचे ते तरी वाचते का? इलेक्ट्रॉनिक इंधन यंत्रणा असलेल्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर डिझेल देणेच थांबवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळत राहते. म्हणजे नव्या ट्रकवर न्यूट्रलने बचत तर होत नाहीच, उलट थोडे जास्त जाते. एप्रिल २०२० पासून बीएस ६ गाड्या आल्यावर हे सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. ज्या चालकाला हे गाडीवर बसवून, मीटरवरचा आकडा दाखवून समजावले जाते त्याला ते पटते, असा इंधन बचतीच्या वर्गांमागचा भरवसा आहे. जुन्या इंजिनावर हात बसलेल्याला नुसते तोंडी सांगून पटत नाही, यात नवल नाही.

पासिंग आणि रोजची देखभाल

देखभालीचा सरकारी दरवाजा म्हणजे पासिंग, अर्थात गाडीची फिटनेस तपासणी. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. ही तपासणी अनेक ठिकाणी बघून सही करण्यापुरतीच होते, अशी तक्रार जुनी आहे. ब्रेक तपासायला किमान २५० मीटरचा सरळ मार्ग हवा, तो नसेल तर फिटनेस देऊ नका, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयाने धरल्यावर राज्यातल्या आरटीओंची धावपळ झाली. पुण्याच्या गाड्या तपासणीसाठी दिवे येथील मैदानावर जाऊ लागल्या त्या याच काळात. पुढची पायरी स्वयंचलित चाचणी केंद्रांची. तिथे रोलरवर चाक चढवून ब्रेकचा जोर यंत्र मोजते. अवजड वाहनांसाठी ही सक्ती आधी एप्रिल २०२३ ला होणार होती, ती ऑक्टोबर २०२४ पर्यंत ढकलली गेली, कारण केंद्रेच पुरेशी उभी राहिली नव्हती.

यंत्रावरच्या तपासणीचे समर्थक म्हणतात, माणसाची मर्जी बाजूला झाली. वाहतूकदार म्हणतात, केंद्र लांब, रांग मोठी, दिवस वाया, आणि खाजगी केंद्रांवर लक्ष कोण ठेवणार? दोन्ही बाजू एक गोष्ट मात्र मान्य करतात. पासिंगच्या दिवशी गाडी जशी असते तशी पुढे वर्षभर राहत नाही. पासिंगपुरते बरे टायर चढवून नंतर उतरवायचे, हा प्रकार या धंद्यातल्या कोणाला नवा नाही.

म्हणून खरी देखभाल रोजची. ती फार अवघड नाही, पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. गाडीभोवती एक फेरी मारायची. चाकांचे नट गंजाची रेघ सोडत आहेत का पाहायचे, जोडटायरमध्ये दगड अडकला आहे का पाहायचे. हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी सोडून द्यायचे, पावसाळ्यात तर विसरायचेच नाही. हे पाणी व्हॉल्व्हमध्ये गेले की ब्रेक उशिरा लागतात किंवा लागलेले सुटत नाहीत. इंजिन बंद ठेवून ब्रेक दाबून धरायचा आणि दाबाचा काटा खाली येतो का ते पाहायचे. चहाला थांबलात की प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्यायची. एकच हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग सुकले आहे. एकच थंड असेल तर ते जास्त वाईट, कारण तिथला ब्रेक कामच करत नाही आणि त्याचा वाटा बाकीचे उचलत आहेत.

हे ज्ञान मिळवणे हा एक भाग. त्यानंतर काय, हा दुसरा. एसटीच्या आगारात चालक परत आल्यावर गाडीतला दोष लिहून देतो, आगाराची कार्यशाळा तो पाहते, मोठ्या कामासाठी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. ती व्यवस्था आज पूर्वीसारखी सुदृढ राहिलेली नाही, पण दोष सांगायची आणि तो घेणाऱ्याची जागा तिथे ठरलेली आहे. ब्रिटनमध्ये मालवाहतूकदाराला चालकाच्या रोजच्या तपासणीची आणि लेखी दोषनोंदीची पद्धत ठेवावीच लागते, त्या नोंदी १५ महिने जपाव्या लागतात, आणि त्यात हयगय झाली तर मालकाचा धंद्याचा परवाना धोक्यात येतो. आपल्याकडे कळंबोलीच्या किंवा निगडीच्या ट्रक टर्मिनलवर उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मालकाकडे अशी कुठली वही? चालक फोनवर सांगतो, "शेठ, लायनर गेलेत." शेठ म्हणतो, "हा माल टाकून ये, मग बघू." शेठच्या डोक्यावर हप्ता असतो आणि भाडे आधीच घासाघीस करून घेतलेले असते. त्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही.

लादण्याचा प्रश्नही इथेच येतो. जुलै २०१८ मध्ये केंद्राने चार टायरच्या मागच्या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली, जोडआसाची १९ वरून २१ टन. तेवढे वजन गाड्या आधीपासूनच ओढत होत्या, आता ते कायदेशीर झाले, असे एका बाजूचे म्हणणे. रस्ते, पूल आणि जुन्या गाड्यांचे ब्रेक यांचा हिशेब त्यात धरला गेला का, ही दुसऱ्या बाजूची शंका.

वेळ, मजुरी आणि झोप

तिसरी भूमिका चालकांच्या संघटनांची आणि त्यांच्यात काम करणाऱ्यांची. त्यांचे म्हणणे असे की चालकाला काय बरोबर आहे ते बहुतेक वेळा माहीत असते, पण तसे वागणे त्याला परवडत नाही. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ मध्ये दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि मोटार वाहन कायद्याने ती व्यावसायिक वाहनावरच्या प्रत्येक चालकाला लावली. आता तो कायदा २०२० च्या कामगार संहितेत सामावला आहे. रस्त्यावर ही मर्यादा पाळली जाते असे कोणीच म्हणत नाही. सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांत केलेल्या पाहणीत चालक दिवसाला सरासरी १२ तास गाडीवर असल्याचे आढळले, आणि जवळपास निम्म्यांनी थकलेले किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले.

यामागचे गणित साधे आहे. न्हावा शेव्याला किंवा चाकणच्या कारखान्याबाहेर गाडी भरण्यासाठी अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस रांगेत जातो. त्या वेळेचे पैसे बहुधा कोणी देत नाही, आणि माल पोचवायची वेळ मात्र हलत नाही. बुडालेला वेळ रात्री रस्त्यावर भरून काढला जातो. अनेक ठिकाणी फेरीचा डिझेल-टोलचा खर्च ठोक दिला जातो आणि वाचेल ते चालकाचे. उतारावरचे न्यूट्रल इथून येते. ही पद्धत चालू ठेवून न्यूट्रलविरुद्ध शिबिर घेणे म्हणजे एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे.

समृद्धी महामार्गाने या प्रश्नाला नवे रूप दिले. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. सरळ, एकसुरी रस्त्यावर थकवा लवकर डोळ्यांवर येतो, आणि वैशाख वणव्यात सलग वेगाने धावणारे झिजलेले टायर फुटतात. घाटातल्या चालकाचे कसब तिथे उपयोगी पडत नाही. तिथे वेळेवर थांबणे हेच कसब ठरते, आणि थांबायला जागा लागते.

सुधारणा होत नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मे महिन्यात इंजिनाच्या उष्णतेत बसून दहा तास गाडी हाकणाऱ्याला त्याचे मोल विचारा. पण आज रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे चालतील.

शिक्षेच्या बाबतीतही मतभेद आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी चक्का जाम केला, आणि हे उपकलम लागू करण्याआधी चर्चा करू असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. थांबलो तर जमाव मारेल ही चालकांची भीती खोटी नाही. जखमीला टाकून जाणे अक्षम्य आहे, हेही खोटे नाही.

शिकवण्याने अपघात कमी होतात का?

सगळ्या चर्चेचा पाया असलेला हा प्रश्न, आणि उत्तर अडचणीचे आहे. परवाना मिळाल्यानंतरच्या चालक शिक्षणावर कॉक्रेन या संशोधन जाळ्याने २००३ मध्ये आढावा प्रसिद्ध केला. विविध चाचण्या एकत्र पाहिल्यावर अशा शिक्षणाने अपघात किंवा जखमा कमी होतात, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. प्रशिक्षणाला वायफळ म्हणणारे याचा दाखला देतात. पण त्या चाचण्या मुख्यतः श्रीमंत देशांतल्या साध्या मोटारचालकांवरच्या होत्या, आणि त्यांत नियम मोडल्याबद्दल वर्गात पाठवलेल्यांचे प्रमाण मोठे होते. घाट उतरणाऱ्या ४० टनांच्या गाडीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

स्वीडनमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग जास्त बोलका आहे. तिथल्या दूरसंचार कंपनीतल्या चालकांचे गट करून एकाला प्रशिक्षण दिले, एकाला प्रचार मोहीम, एकाला अपघात टाळल्याबद्दल बक्षीस, आणि एका गटाला आपापसांत बसून अडचणी बोलायला लावले. अपघातांत सर्वांत मोठी घट या शेवटच्या गटात दिसली. लोकांनी आपल्याच कामाचा विचार करून स्वतःच ठरवलेला बदल टिकला. आपल्याकडच्या शिबिरांत साहेब बोलतात आणि चालक टोपी-बिल्ला घेऊन जातात. हा प्रयोग कोणी टर्मिनलवर करून पाहिला तर ते पैसे वाया जाणार नाहीत.

अमेरिकेत २००१ ते २००३ दरम्यानच्या ९६३ गंभीर ट्रक अपघातांचा बारकाईने अभ्यास झाला. ट्रककडे निर्णायक दोष गेलेल्या अपघातांत ८७ टक्के वेळा तो चालकाचा होता, गाडीचा फक्त १० टक्के. चालकाला शिकवा म्हणणाऱ्यांचा हा लाडका आकडा. पण त्याच अभ्यासात २९ टक्के ट्रकच्या ब्रेकमध्ये काही ना काही दोष नोंदला गेला होता. म्हणजे शेवटची चूक चालकाने केली, आणि ती चूक निभावून नेण्याची ताकद गाडीत उरली नव्हती, असेही घडत असणार. एकाच अहवालातून दोन्ही पक्षांना आपापले आकडे मिळतात.

आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे. २०१६ मध्ये तिथे १५१ माणसे दगावली, २०१९ मध्ये ९२. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलिस आणि सेव्ह लाइफ यांनी मिळून त्या काळात कठडे बदलले, दगडी अडथळे झाकले, चुकीच्या जागी उभ्या ट्रकवर कारवाई केली, रुग्णवाहिकेचा वेळ कमी केला. घट खरी आहे. त्यातला चालकांच्या बदललेल्या सवयींचा वाटा किती, हे मात्र वेगळे काढता येत नाही. २०२४ पासून तिथे वेग टिपणारी कॅमेऱ्यांची यंत्रणा आली आहे, त्यामुळे पुढचा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होईल.

न सुटलेले

तीन गोष्टी मला अजून उघड्या दिसतात.

उजळणी शिक्षण कोणी आणि कोणाच्या पैशाने द्यायचे, ही पहिली. मोठ्या कंपन्या आपल्या कंत्राटदारांच्या चालकांसाठी हे करू शकतात, काही करतातही, कारण त्यांच्या मालाची आणि नावाची काळजी त्यांना असते. धंद्याचा मोठा हिस्सा मात्र एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या हाती आहे. चालक एका दिवसाच्या वर्गाला बसला की त्यांची गाडी त्या दिवशी उभी राहते. ती भरपाई विमा हप्त्यातल्या सवलतीतून मिळावी, असे काही जण सुचवतात. ठोस योजना समोर नाही.

दुसरी गोष्ट चालकाच्या नकाराची. ब्रेक बरे नाहीत म्हणून आज गाडी काढत नाही, असे म्हणणाऱ्या चालकाची नोकरी वाचेल अशी तरतूद व्यवहारात कुठे आहे? ज्याला दोष ओळखता येतो पण गाडी थांबवता येत नाही, त्याचे शिक्षण अपुरेच राहते, मग तास ३८ असोत की ३८०. मालाच्या मालकावर, म्हणजे गाडी रांगेत खोळंबवणाऱ्यावर आणि जास्त वजन लादायला लावणाऱ्यावर, जबाबदारी टाकावी का, हा वाद याच्याशी जोडलेला आहे. वाहतूकदार त्याच्या बाजूने आहेत. उद्योगांना तो भार मान्य नाही.

तिसरी मोजणीची. परवान्याच्या नोंदी 'सारथी'त आहेत, गाड्यांच्या आणि फिटनेसच्या नोंदी 'वाहन'मध्ये, आणि अपघातांचे तपशील आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या अपघात नोंद प्रणालीत पोलिस भरत आहेत. नव्या केंद्रातून शिकलेला चालक आणि जुन्या पद्धतीने परवाना काढलेला चालक, यंत्रावर तपासलेली गाडी आणि नजरेने पास झालेली गाडी, यांची तुलना करायला लागणारे जवळपास सगळे सरकारजवळच आहे. नावे झाकून या तीन नोंदी जोडल्या आणि अभ्यासकांना दिल्या, तर चार-पाच वर्षांत ठामपणे बोलता येईल. त्यासाठी पोलिसांच्या अर्जात एक बदल मात्र आधी करावा लागेल. अपघातग्रस्त ट्रकचा गिअर कुठे होता, स्लॅक किती सैल होता आणि चालक किती तासांपासून जागा होता, हे तीन रकाने त्यात भरलेच पाहिजेत.